गार चहाचं गाणं

लग्न चार दिवसांवर आलं तरी चंदाला रडता येत नव्हतं.

बाकी सगळं झालं होतं. मांडवाचं सामान शेलूबाजारहून येऊन पडलं होतं, आचारी ठरला होता, नवरदेवाकडच्यांचे रुसवे आधीच काढून ठेवले होते. चंदाचा बाप किशन याने तर पोरीच्या लग्नासाठी मिशासुद्धा काळ्या करून घेतल्या होत्या. अडलं होतं ते एकट्या रडण्यापाशी. आणि रडणं ही या बंजारा तांड्यात किरकोळ बाब नव्हे. पोरगी सासरी निघाली की तिने एकेका नातलगाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायचा, म्हणजे सुरात रडायचं आणि रडता रडता मनातलं बोलायचं, ही वाडवडिलांपासूनची रीत. नुसते डोळे टिपून गाडीत बसलेली नवरी म्हणजे अळणी वरण. जेवणारा जेवतो, पण नाव ठेवून उठतो.

हा ढावलो शिकवायचा मान चंदाच्या मोठ्या काकीचा, म्हणजे कमलीबाईचा. सासू वारल्यापासून तांड्यातली एकही नवरी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय रडली नव्हती. सूर कुठे उचलायचा, श्वास कुठे तोडायचा, बापाच्या गळ्यात किती वेळ लोंबायचं आणि मामाला किती लवकर सोडायचं, हे सगळं तिच्या बोटांवर होतं. कमलीबाईने तयार केलेली पोरगी रडली की मांडवाचे खांबही ओले होतात, असं लोक म्हणत. पण दोन वर्षांमागे एका नवरीने ढावलोच्या ऐन मध्यावर आलेला फोन उचलला, आणि गेल्या उन्हाळ्यात दुसरीने मामाच्या गळ्यात पडल्या पडल्या फोटो काढून घेतला. तेव्हापासून कमलीबाईच्या नावाला जरा उतरती कळा लागली होती. त्यात चंदाच्या होणाऱ्या नवऱ्याची फुई, म्हणजे आत्या, हेमला, कामरगावकडची, रडण्याची मोठी पारखी. ती कुठेशी म्हणाली होती, "शेलूकडच्या पोट्ट्या आता रडत नाईत बापा, नुसत्या शिंकतेत." हे वाक्य कुणीतरी इमानेइतबारे कमलीबाईपर्यंत आणून पोचवलं होतं.

"पुन्हा म्हन," कमलीबाई म्हणाली.

चंदा लिंबाखालच्या बाजेवर बसली होती. तिने काकीच्या गळ्यात हात टाकले, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि तिला हसू फुटलं.

"काकी, मले रडू येतच नाई तं काय करू? मी खुश हाओ. पोरगा मीच पाह्यला. कारंज्याचं काम सुटून नाई राह्यलं. उलट तिकडून जवळ पडते. कायचं रडू?"

चंदा कारंज्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांना सुया टोचून रडवणाऱ्या पोरीला स्वतःला रडता येऊ नये, हा या घराण्याचा दैवयोग.

"रडनं म्हंजे दुःख नव्हे वं बाई," कमलीबाईने कपाळाला हात लावला. "रडनं म्हंजे बोलनं. बाईनं जनमभर तोंड उघडाचं नाई, म्हून एक दिस उघडाचं. त्या दिशी कोनाले काईबी म्हन, कोनी उत्तर देत नाई. तुही याडी तिच्या लग्नात तिच्या बापाले काय म्हने, इचार तिले."

चंदाची आई संगीता ओट्यावर गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "चिकट म्हनलं. साऱ्या पंगतीसमोर. बा नुसता फेटा सारखा करत उभा होता."

रीतच तशी होती. ढावलोतल्या बोलाला उत्तर द्यायचं नाही, आणि गाडी निघून गेल्यावर तो विषयही काढायचा नाही. रडून बोललेलं सगळ्यांनी पोटात घालायचं. तांड्यातल्या कैक बापांनी, भावांनी आणि दिरांनी असे बोल पोटात घातले होते आणि त्यातल्या काहींना ते आयुष्यभर पचले नव्हते.

"पन माह्यं तोंड तं रोजच उघडं रायते," चंदा म्हणाली, आणि तिने फोनवर तेच गाणं लावलं.

या गाण्याने कमलीबाईचा जीव मेटाकुटीला आणला होता. सकाळी दात घासताना तेच, मेंदी लावताना तेच. पुण्याकडची कुणी पोरगी गात होती, केस मानेपर्यंत कापलेली, पायात बाप्याचे बूट घातलेली. नवरा की कोण तिला सोडून चालला होता आणि ही पायरीवर पाय पसरून त्याला सांगत होती:

जायचं तर जा रे राजा, माझा चहा होतोय गार,
तुझ्यासाठी लोटलं नव्हतं, उघडंच आहे दार!

"बंद कर ते! लग्नाच्या घरी 'जा जा' काय लावलं?" कमलीबाई कडाडली आणि फोन हिसकावून घेऊन गोठ्याकडे निघून गेली. शिकवणी त्या दिवशीपुरती मोडली.

फोन बंद करायचा होता, पण तो कसा करतात हे कमलीबाईला ठाऊक नव्हतं. गाणं संपलं आणि आपलं आपणच पुन्हा सुरू झालं. शेळ्या कान टवकारून ऐकू लागल्या. नाइलाजाने कमलीबाईही ऐकू लागली. पहिल्या खेपेला तिने शब्दांचा राग राग केला. दुसऱ्या खेपेला तिच्या कानाने, मालकिणीला न विचारता, आपलं नेहमीचं काम सुरू केलं: ही श्वास कुठे घेते? आणि तिसऱ्या खेपेला ती पालथ्या पाटीवर बसली.

रडले असते, पण काजळ नवं, वाया कशाला घालू?
तू नसलास की गादी मोठी, आडवी-तिडवी लोळू!

'लोळू' म्हणता म्हणता ती पोरगी हसली होती. सजवून केलेलं हसू नव्हतं ते, खरंच आलेलं होतं, गळ्यातून. आणि तरी सूर केसभरही हलला नव्हता. रडता रडता सूर धरणं किती अवघड, हे तिच्याइतकं वाशिम जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं. हुंदका येतो, गळा भरतो आणि सूर सुटतो. सगळी शिकवणी असते ती याचीच. आणि ही पोरगी हसता हसता धरून होती. काम तेच होतं, दुसऱ्या टोकाकडून केलेलं.

चंदा मागून येऊन उभी राहिली होती. "आवडलं ना?"

"कोनापाशी शिकली असन हे?"

"कोनी शिकवत नाई काकी आजकाल. मोबाईलवर पाहून शिकतेत."

"शिकवल्याबिगर असं येत नाई. तिचीबी कोनी कमलीबाई असन." मग जरा थांबून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून, "ते लोळायचं पुन्हा लाव बरं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे कमलीबाईला त्या गादीच्या ओळीने एवढी ओढ का लावली ते कळेल. लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेलूबाजारच्या चौकातून पुण्याची ट्रॅव्हल्स निघणार होती आणि तिच्यात कमलीबाईची जागा काढून ठेवलेली होती. तिची आणि तिच्या नवऱ्याची, हेमसिंगची. कायमची. पोरगा बादल चाकणला कंपनीत होता, सून योगिनी दुसऱ्या कंपनीत, आणि नातू सेवू तीन वर्षांचा होऊन घरातली भांडी फोडू लागला होता. त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. कुणीतरी म्हणजे आजी, हे इतकं उघड होतं की तिला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कमलीबाई मागे एकदा तिकडे दोन महिने राहून आली होती. सातवा मजला. खिडकीला जाळी. शेजारच्या दाराशी जाऊन 'काय करून राह्यली वं' म्हणावं तर दार उघडणारी बाई घाबरून आधी साखळी लावायची. सेवूवर तिचा जीव होता, त्यात काही खोट नव्हती. पण सकाळी सगळे कामावर गेले की सेवू टीव्हीसमोर आणि आजी जाळीसमोर. दोघंही बाहेर पाहत. परत आल्यावर तिने तांड्याच्या वेशीतच पायातली चप्पल काढली होती आणि लोकांना वाटलं, देवासाठी काढली.

हेमसिंगला मात्र पुणं आवडलं होतं. तिथे बागेत बाक होते, बाकांवर म्हातारे होते आणि म्हाताऱ्यांना राजकारणात गती होती. त्याचे वडील अमरसिंग बैलांवर धान्य वाहत वाहत या माळावर येऊन थांबले. हेमसिंगने स्वतःची उमर उसाच्या फडावर घालवली. आता तिसऱ्या पिढीच्या फ्लॅटमध्ये पाय पसरून बसण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्याचं मत होतं, आणि ते चुकीचं होतं असं कोण म्हणेल?

लग्नाच्या आदल्या दिवशी बादल, योगिनी आणि सेवू येऊन थडकले. दुपारी सगळे ओसरीत बसले. सेवूने आल्या आल्या मेंदीचा कोन पिळून भिंतीला लावला होता.

या घरात लाडाचं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आणि वादाचं वऱ्हाडीत, अशी अमरसिंगच्या काळापासूनची वहिवाट होती. म्हणजे लाड घरात राहतात आणि वाद शेजारच्या गावालाही कळतो. बादलने वऱ्हाडीत सुरुवात केली तेव्हाच कमलीबाईने ओळखलं.

"याडी, दोनच पिशव्या घेजो. तिकडं जागा नाई. आन् शेळ्याइचं काय केलं?"

"शेळ्या मी पाहीन," संगीता पटकन म्हणाली. फारच पटकन. थोरल्या जावेची मोठी चूल, पाण्याचा नळ आणि लिंबाखालची जागा आपल्याकडे येणार, हे तिने कधीचं मनात मांडून ठेवलं होतं. त्यात तिचा दोष नव्हता. धाकट्या जावेच्या जन्माला आलेल्या बाईने आणखी काय मांडावं?

"बस, झालं तं मंग," हेमसिंग म्हणाला. "सेवूले सांभाळनं म्हंजे काय काम हाये? पोट्टं खेळते, आपन पाह्यचं."

योगिनीने सासऱ्याकडे पाहिलं. भिंतीवरची मेंदी पुसायचं फडकं तिने जरा जोरात पिळलं.

"याडी, तू बोलत नाईस," बादल म्हणाला. "खुश हाएस ना?"

कमलीबाईने तोंड उघडलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना बोलायला शिकवणाऱ्या बाईच्या तोंडात स्वतःसाठी एक शब्द येईना. पोराने हौसेने घर घेतलं. सून राबून राबून काटकी झाली. नवऱ्याने फडावर हाडं झिजवली. यातल्या कुणाला 'नाही' म्हणायचं? ती उठून चुलीकडे गेली आणि भाकरी थापू लागली.

थापता थापता ती गुणगुणत होती हे तिचं तिलाच कळलं नाही. हेमसिंग पाणी प्यायला आत आला आणि उभाच राहिला.

"कोनाले जा म्हून राह्यली?"

"बकरीले."

"बकरी कुठं हाये इथं?"

"म्हूनच तं. गेली."

हेमसिंगने तांब्या ठेवला आणि बायकोकडे जरा वेळ पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला रडण्याचे सगळे सूर गाताना ऐकलं होतं. हा सूर त्याच्या ओळखीचा नव्हता. उन्हाचा त्रास असेल, असं म्हणून तो बाहेर गेला.

लग्न लागलं. त्याचं वर्णन करत नाही. लग्नं सगळी सारखीच लागतात, निराळी होते ती बिदाई. पूर्वी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून तांड्याचा निरोप घ्यायची. आता बैल कुणाकडे? म्हणून एक पिकअप गाडी फुलं लावून उभी केली होती. ऊन उतरलं होतं. बायका आरशांच्या ओढण्या घेऊन गोल करून उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेत, कंबरेवर हात देऊन, मान तिरपी करून हेमला फुई. परीक्षक पेपर तपासायला बसावा तशी.

चंदा बापाच्या गळ्यात पडली. सूर बरोबर उचलला, श्वास बरोबर तोडला. डोळे मात्र कोरडे ठक्क. किशनच रडला, इतका की मिशांचा काळा रंग ओघळून ओठांवर आला. आईच्या गळ्यात पडली. शब्द सगळे जागच्या जागी, डोळे कोरडे. हेमलाने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेजारीण शिंकल्यासारखी करून हसली.

मग चंदा काकीकडे वळली. कमलीबाईने तिला मिठीत घेतलं. पाठ करून घेतलेली ओळ तिने कानात पुटपुटली, पण चंदाने ती घेतली नाही. काकीच्या खांद्यावर डोकं टेकल्यावर तिला बहुधा पहिल्यांदाच काहीतरी सुचलं, आणि तिने शिकवलेलं सोडून आपलं स्वतःचं सुरात धरलं:

"मी येईन माहेरी, काकी वं… लिंबाखाली तू असशीन का?"

बोल कुठलेही असोत, माहेरी येण्याचं निघालं की काकीचं उत्तर ठरलेलं; ढावलोत उत्तर चालतं ते एवढंच. काकीने गायचं, 'असीन वं माह्या बाई, वाट पाहीन.' कमलीबाईने ते शेकडो वेळा गायलं होतं आणि कैक बायकांना शिकवलं होतं. तिने श्वास घेतला. आणि ओळ आली नाही. कारण उद्या या वेळी ती ट्रॅव्हल्समध्ये असणार होती, आणि ढावलोत खोटं बोलायचं नसतं. बाकी आयुष्यभर बोलावं लागतं, तिथे नाही.

बायका थांबल्या. हेमलाची मान आणखी तिरपी झाली. कमलीबाईचा घेतलेला श्वास छातीत मावेना, आणि तो बाहेर पडला तेव्हा सूर ढावलोचाच होता, लांबलचक, काळीज कापणारा. बोल मात्र निराळे होते:

"जायचं तं जावा जी मालक… माह्या चुलीवर चहा…
सात माळ्याच्या जाळीमंदी मले नोका कोंडू… नोका कोंडू…
माह्या पोरीइले कोन शिकवीन… माह्या लिंबाखाली कोन बशीन…
तू जाय माह्या बादल, तुमी जावा जी मालक… उघडंच हाये दार…"

"हे तं ते गाणं हाये," बादल हळूच म्हणाला.

"गप राहा," योगिनी म्हणाली. कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी पोरी हेच गाणं लावत. पहाटे डबे भरून, पोर दुसऱ्याच्या दारात टाकून आलेल्या पोरी. बस वळण घेताना सगळ्या मिळून 'उघडंच आहे दार' म्हणून ओरडायच्या आणि मग आठ तास कुणी बोलायचं नाही. तिने पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की रडत होती ते कमलीबाईला मिठीतून दिसलं नाही. पण पुढची 'उघडंच हाये दार' तिने उचलली, ढावलोच्या सुरात, जरा बेसूर. चार दिवस चंदाच्या फोनने पिडलेल्या तांड्यातल्या झाडून सगळ्या बायकांना ती ओळ पाठ होती. त्यांनीही धरली, आणि कुणीतरी मधेच गादीची ओळही जोडली. पोटात घातलेलं कुणाचं काय काय त्या सुरात मिसळलं असेल, कोण सांगणार.

हेमसिंग फेटा सारखा करत उभा होता. त्याच्या हाताला दुसरं काही सुचेना.

आणि चंदा रडली. पढवलेलं सगळं विसरून, तोंड वासून, नाक गळत, लहान पोरासारखी भोकाड पसरून. "काकी, तू बोल्ली! काकी, तू बोल्ली!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला पिकअपमध्ये बसवायला दोन माणसं लागली.

गाडीत बसण्याआधी हेमला कमलीबाईपाशी आली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"बोल नवे हायेत," हेमला म्हणाली.

कमलीबाईने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"पन रडनं आपलं हाये. आमच्या धाकटीचं लग्न हाये दिवाळीनंतर. येजो शिकवाले." आणि जाता जाता मागे वळून, "ते गादीचं काय हाये म्हन्तेत, तेबी शिकव."

रात्रीच्या जेवणाला पंगतीत कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. विषय काढायचा नाही ही रीत, आणि विषय तर ताटाशेजारी मांडी घालून बसलेला.

"मी काय म्हन्तो," हेमसिंगने सुरुवात केली.

"ढावलोतलं हाये ते, काढू नोका म्हना," संगीता डोक्यावरचा पदर पुढे ओढून किशनच्या आडून म्हणाली. मोठी चूल हातची गेल्याचं दुःख तिला होतंच. पण तिने स्वतः एकदा बापाला चिकट म्हटलं होतं आणि त्या बोलाची राखण करणं आता तिच्यावर आलं होतं.

"मी ढावलोचं बोलतच नाई," बादल चिडला. "मी सेवूचं बोलून राह्यलो. सोमवारपासून त्याले कोन पाहीन? दोन जागा काढल्या ट्रॅव्हल्सच्या!"

"एक रद्द करा," योगिनी म्हणाली.

"आन् दुसरी?"

योगिनीने वरणाचं भांडं खाली ठेवलं. ती पदर सावरून, अगदी आदराने सासऱ्याकडे वळली. "बा हायेत ना. बाच म्हन्ले काल. पोट्टं खेळते, आपन पाह्यचं. काई काम नाई त्याच्यात."

किशनला ठसका लागला. संगीताने त्याच्या पाठीत गरजेपेक्षा जास्त वेळ थापट्या मारल्या. हेमसिंगने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. कमलीबाई सेवूला भात भरवत होती, तिने घास कालवला, फुंकर घातली आणि नवऱ्याला न पाहता म्हणाली, "दूध कोमट देजा. गरम देल्लं तं भिंतीवर फेकते."

हेमसिंग रात्रभर बाहेर बाजेवर पडून होता. सकाळी त्याने स्वतःची दाढी केली, स्वतःचं धोतर स्वतः घडी घातलं आणि आपण हे सगळं मनापासूनच ठरवलं होतं असा चेहरा करून बसला. पुण्याला तर जायचंच होतं. बाक होतेच. आता बाकावर एक पोरगं जोडीला असेल, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी शेलूबाजारला सोडायला जीप आली. बादल आणि योगिनी मागे बसले, सेवू पुढे चढून हॉर्न वाजवू लागला. हेमसिंग मधल्या जागेवर, मांडीवर पिशवी घेऊन. बायका आपोआप जमल्या. काल नवरी गेली, आज हा. फरक काय तो फेट्याचा.

"औषिद घेत जाजा," कमलीबाई म्हणाली.

"हो."

"दाराले आतून कडी लावून बसू नोका. पोरगं पाहून सोताले कोंडून घेते."

"हो."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. हेमसिंगने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि शब्दांच्या जागी विचित्र आवाज निघाला. आधी कुणाला कळलंच नाही. सेवूने हॉर्न सोडून मागे पाहिलं. हेमसिंग रडत होता. बापाच्या मयतीला न रडलेला माणूस, पिशवीला मिठी मारून, खांदे गदगदा हलवत. पुरुषाला कुणी ढावलो शिकवलेला नसतो. कुठे उचलायचं, कुठे तोडायचं, काही ठाव नाही. नुसता भसाडा आवाज, अधूनमधून उचकी.

संगीताने तोंडाला पदर लावला. एकदोघी फिदकन हसल्या. कमलीबाईलाही हसू आलं. ती जीपच्या पायरीवर चढली आणि सवयीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अगुदर श्वास घ्या," ती म्हणाली. "आन् मंग म्हना."

हेमसिंगने श्वास घेतला. मग फाटक्या आवाजात, सुराचा कशाशी काही संबंध नसलेलं, म्हणाला:

"फडावर पाचटाच्या कोप्यात दोघं निजत होतो… चार बोटाची जागा… तवा तुनं कधी म्हनलं नाई, गादी मोठी पाह्यजे…"

पाठीवरचा हात तिथेच राहिला. कमलीबाईजवळ उत्तर होतं. जन्मभराचं होतं. पण रडून बोललेल्याला ते द्यायची सोय नव्हती. ड्रायव्हरने मागे वळून "चलू का?" विचारलं, ती उतरली, आणि जीप वळणावरून धूळ उडवत खाली गेली.

बायका पांगल्या. कमलीबाई लिंबाखाली येऊन बाजेवर बसली. चंदाचा फोन चंदाबरोबर गेला होता; गाणाऱ्या पोरीचा आवाज आला नाही की शेळी ओरडली नाही. तिने गुडघ्यात डोकं घातलं आणि रडली, पुष्कळ वेळ. त्या रडण्याला सूर नव्हता, आणि तो नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही.